बिल्ल्यावरचं साल म्हणजे करवतीचं साल नव्हे

सध्या एक पोस्ट सगळीकडे फिरते आहे. तिचं म्हणणं असं: जुन्या हातकरवतीचं वय मुठीवरच्या पितळी बिल्ल्यावर छापलेलं असतं, पात्याच्या पाठीवर, टोकाजवळ असलेला छोटा उंचवटा काप सुरू करण्यासाठी असतो, आणि गंज चढला असेल तर करवत रात्रभर व्हिनेगरमध्ये बुडवून मग ग्राइंडरवर चकचकीत करावी.

आधी सालाचं बघू. इंग्लंडमधल्या शेफील्डच्या 'स्पिअर अँड जॅक्सन' या करवती बनवणाऱ्या कंपनीच्या अगदी अलीकडच्या मालावरही १७६० दिसतं. ते कंपनीच्या स्थापनेचं साल. अमेरिकेतल्या डिस्टन कंपनीच्या काही करवतींवर २७ डिसेंबर १८८७ असतं, ती मुठीच्या स्क्रूच्या पेटंटची तारीख. करवत त्याआधीची नाही, एवढंच त्यातून कळतं.

साल सोडा, नाव वाचा. हेन्री डिस्टनने फिलाडेल्फियात १८४० मध्ये धंदा सुरू केला. १८६५ मध्ये मुलगा हॅमिल्टन भागीदार झाला आणि नावाला 'अँड सन' जोडलं गेलं. १८७१ पासून ते 'अँड सन्स' झालं. म्हणजे 'अँड सन' असेल पण शेवटचा 'एस' नसेल, तर बिल्ला मधल्या सहाएक वर्षांतला. मात्र हे वय बिल्ल्याचं. मुठी सर्रास बदलल्या जायच्या, म्हणून मूठ उतरवून पाहावी. पात्यावर वेगळ्या आकाराची सावली किंवा रिकामी भोकं दिसली, तर मूठ दुसऱ्याच करवतीची आहे. आणि गरुडाच्या चित्रासह 'वॉरंटेड सुपीरियर' लिहिलेलं असेल तर त्या नावाची कंपनी शोधत बसू नका. तो बाजारातला सर्वसाधारण बिल्ला होता, अनेक कारखाने लावायचे.

उंचवट्याचा वाद कशाला? तो निव्वळ शोभेचा आहे, हे खुद्द डिस्टन कंपनीनेच सांगून टाकलं होतं.

व्हिनेगरचा सल्ला मात्र खरोखर घातक. पात्यावरची कंपनीची मुद्रा आम्लाने कोरलेली, अगदी उथळ असते. ती वाचता येते कारण खाचांत काळपटपणा साचलेला असतो. आम्ल नेमका तोच खातं आणि खाली करडं, खरबरीत पोलाद उरतं. राहिलेलं काम ग्राइंडर उरकतो, शिवाय पातळ पातं एका जागी तापून वाकडं होतं ते वेगळंच. त्यापेक्षा एखादं धारदार ब्लेड पात्यावर जवळजवळ आडवं धरून गंजाचे पापुद्रे खरवडा. मग लाकडी ठोकळ्याला बारीक पॉलिश पेपर गुंडाळून रॉकेलच्या ओलाव्यावर लांब हात फिरवा. ठोकळा सपाट असल्याने तो खाचांत उतरत नाही, अक्षरं काळी राहतात. बोटांनी कागद दाबलात की ती गेलीच.

वरून मेणाचा पातळ हात पुरे. चामड्याच्या म्यानात मात्र ठेवू नका. चामडं ओल धरून ठेवतं आणि गंज पुन्हा चढतो.