काही एक हरकत नाही

गणपतीसाठी गावी येऊन घराचे कुलूप काढावे आणि उंबऱ्याच्या आत फेरफाराची, म्हणजे जमिनीच्या नोंदीत बदल करण्याची, नोटीस पडलेली दिसावी, असे झाल्यास ती समजून घेण्याच्या भरीस पडू नये. सातबाऱ्यावर आपल्यासह 25-30 सहहिस्सेदार, त्यांतले निम्मे मयत आणि उरलेले मुंबईत, ही कोकणातली नेहमीची स्थिती असताना एकट्याने शहाणे होणे बरे दिसत नाही.

नोटिशीत ‘कलम 150 अन्वये’ असे लिहिलेले असते. आपल्याला कलम म्हटले की हापूसचे आठवते. तरी बागेतली झाडे कोणी मोजली, असे तलाठ्यांना विचारू नये. त्यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणावयाचे असते, ही गोष्ट वेगळी.

नोटीस मराठीत नाही, अशी तक्रार करण्याची सोय 1964 च्या राजभाषा अधिनियमाने ठेवलेली नाही. ‘सदरहू’, ‘उपरिनिर्दिष्ट’, ‘यथास्थिति’ हे सारे मराठीच आहे. फक्त ‘यथास्थिति’ कळण्यासाठी त्याचे मूळ इंग्रजी आधी यावे लागते. सातबाऱ्यावर नावामागे ‘अ.पा.क.’ दिसल्यास ती कोणा चुलत्याची पदवी समजावी. त्याचा खरा अर्थ अज्ञान पालनकर्ता, आणि अज्ञान म्हणजे 18 वर्षांखालचा वारस. तो वारस आज 70 वर्षांचा झाला असला, तरी नोंद कोणी बदलून घेतली नसेल तर कागदावर अज्ञानच राहतो, आणि नोटीस हातात घेतल्यावर त्याला स्वतःलाही ते पटू लागते.

जुने खरेदीखत निघाल्यास ते हात जोडून ऐकावे. त्यात जल, तरू, तृण, काष्ठ, पाषाण, निधी, निक्षेप असे सर्व काही मंत्रपुष्पाच्या थाटात विकलेले असते. मधला गडगा नेमका कोणाच्या हद्दीत आणि विहिरीवर जाणारी वाट कोणाची, एवढ्या क्षुल्लक गोष्टी त्यात शोधू नयेत. वाद वाढलाच तर 2025 च्या ऑगस्टपासून कोल्हापुरात उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच सुरू झाले आहे आणि रत्नागिरी, सिंधुदुर्ग त्याला जोडलेले आहेत. घटनेच्या अनुच्छेद 348 मुळे तिथले कामकाज इंग्रजीत चालते. तेव्हा घाट चढून जावे, मागच्या बाकावर बसावे आणि आपल्याच जमिनीची हकीकत तिऱ्हाइताच्या कुतूहलाने ऐकावी.

एका बाबतीत मात्र विशेष सावध असावे. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, 1987 प्रमाणे स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळू शकतो. हे घरातल्या विधवा काकूंच्या कानावर जाऊ देऊ नये. नाहीतर हक्कसोडपत्रावर अंगठा उठवण्यापूर्वी ‘आधी वाचून दाखवा’ म्हणून त्या अडून बसतील.

आता नोटिशीतले शेवटचे वाक्य. मुदतीत हरकत न आल्यास आपली काही एक हरकत नाही असे समजून नोंद मंजूर करण्यात येईल, हे मात्र कोणालाही कळेल इतक्या स्वच्छ मराठीत असते. मुदत 15 दिवसांची आणि वरची तारीख आषाढातली. बोटे मोजत बसू नये. मखर अजून उभे राहायचे आहे, आणि कागदाची मागची बाजू कोरी आहे. तिच्यावर वाण्याकडच्या सामानाची यादी लिहावी.