मर्क्युरी-माया जोडी ‘सर्कस’ होती का? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. सविस्तर प्रतिक्रियेबद्दल आभार. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: ‘माया’ या मोठ्या विमानाच्या पाठीवर ‘मर्क्युरी’ हे छोटं विमान चढवून टपाल धाडणं ही निव्वळ सर्कस. 1919 मध्येच अल्कॉक आणि ब्राऊन साध्या विमानाने अटलांटिक ओलांडून टपाल घेऊन आले होते, मग 1938 मध्ये हा उपद्व्याप कशाला?

अल्कॉक-ब्राऊन न्यूफाउंडलंडहून आयर्लंडला आले, म्हणजे वारा पाठीशी. (आणि उतरले ते दलदलीत, नाक खुपसून.) मर्क्युरीला वाऱ्याच्या तोंडावर, पश्चिमेकडे जायचं होतं. 1937 मध्ये कॅप्टन विल्कॉक्सन यांनी ‘कॅलेडोनिया’ ही उडती बोट (पाण्यावरून उठणारं विमान) त्याच दिशेने नेली, तेव्हा जादा इंधनापायी टपाल घेताच आलं नाही. टपाल नाही, तर टपालसेवा कसली?

गोम उड्डाणात नव्हती, उठण्यात होती. एकदा वेगात आलेलं विमान जेवढा भार पेलतं, तेवढा घेऊन त्याला पाण्यावरून उठता येत नाही. इम्पीरियल एअरवेज या ब्रिटिश विमानकंपनीच्या रॉबर्ट मेयो यांनी कामाची वाटणीच करून टाकली. मोठ्या मायाने उचलायचं, मर्क्युरीने लांब जायचं. (रोमन पुराणात माया ही मर्क्युरीची आई. बारसं करणारा रसिक असावा!) वेग वाढला की मर्क्युरीचे पंख वर ओढ घेत. दोन्ही विमानं तीन कड्यांनी जोडलेली असत. दोन्ही वैमानिकांनी आपापली कडी सोडायची. तिसरी कुणाच्याच हातात नव्हती, ओढ पुरेशी झाली की ती आपोआप उघडे. एकाच्या घाईने दोघं बुडू नयेत, यासाठी हा बंदोबस्त.

21 जुलै 1938 ला आयर्लंडमधल्या फॉइन्सहून मर्क्युरी घेऊन निघालेले डॉन बेनेट वीस तासांवर थोड्या वेळात थेट मॉन्ट्रियलला पोचले, वर्तमानपत्रांचे गठ्ठे घेऊन. खाली माया चालवत होते तेच विल्कॉक्सन.

अशी दुसरी जोडी बनली नाही, हे तुमचं म्हणणं बरोबर. पुढच्याच वर्षी पॅन अॅम या अमेरिकी कंपनीची बोइंग 314 ही उडती बोट अटलांटिकमधल्या अझोर्स बेटांमार्गे नियमित टपाल नेऊ लागली; तिला कुणाच्या पाठीची गरज नव्हती.

पण दिसायला विचित्र म्हणून सर्कस, हा निकष लावायचा तर जर्मन विमानकंपनी लुफ्तहान्साचं काय करणार? 1934 मध्ये त्यांचं ‘वेस्टफालेन’ जहाज दक्षिण अटलांटिकच्या मध्यावर उभं असे. डॉर्नियर वाल हे पाण्यावर उतरणारं विमान जवळ उतरायचं, जहाजामागे ओढलेल्या कापडावर चढायचं, क्रेनने वर घेतलं जायचं, इंधन भरून गोफणीसारखं पुन्हा हवेत फेकलं जायचं. तपशील पुढे बदलले, पण जहाजावरून विमान फेकून टपाल नेणं युद्ध सुरू होईपर्यंत वेळापत्रकानुसार चालू होतं.