बरणी, बाटली आणि गेटवरची झडती

परवा रात्री भाचीचा फोन आला. सप्टेंबरात मैत्रिणींबरोबर अरुणाचलात झिरोला निघालीये, म्युझिक फेस्टिव्हलला. रात्री तंबूत राहायचं. "आत्या, तू ग्लास्टनबरीला जाऊन आलीस ना, आत काय नेऊ देतात आणि काय नाही ते सांग की." मागून वहिनीचा आवाज, "आणि पोरींची झडती कोण घेतं ते पण विचार. बाई असते का?" सुचलं तेवढं सांगितलं, फोन ठेवला आणि झोप काही येईना. या विषयावर माझ्या पोटात बरंच साठलंय, हे तेव्हाच कळलं. पोस्ट लांब आहे. चहा घेऊन बसा.

आधी माझी फजिती. जून २०२३, बुधवारची सकाळ. ब्रिस्टलहून बसने इंग्लंडातल्या ग्लास्टनबरी फेस्टिव्हलला पोचलो. गाव पिल्टन, शेताचं नाव वर्दी फार्म. दोन तास रांगेत उभं राहून तपासणीच्या टेबलापाशी आलो. साठीच्या घरातली एक बाई माझी सॅक उपसत होती. कपडे, टॉर्च, चिवडा, दशम्या, सगळं ठीक. मग तळातून निघाली आईने पुण्याहून पाठवलेली कैरीच्या लोणच्याची बरणी. हॉर्लिक्सची जुनी काचेची बरणी, वर प्लास्टिकची पिशवी, रबरबँड, परत पिशवी. तिने ती उन्हात धरून पाहिली आणि मान हलवली.

काच चालत नाही हे मी वाचलं होतं, अगदी दोनदा वाचलं होतं. पण काच म्हणजे वाइनची बाटली, असं माझ्या डोक्यात. बरणी ही माझ्या लेखी काच नव्हतीच, ती बरणी होती.

मागे रांग तुंबलेली, नवरा "टाकून दे, चल" म्हणतोय, आणि मी जागची हलायला तयार नाही. शेवटी त्या बाईनेच स्वतःच्या सँडविचचा रिकामा डबा पुढे केला. फोडी डब्यात गेल्या, निम्मं तेल टेबलावर गेलं, खार माझ्या बाहीला. बरणी निळ्या पिंपात टाकताना ती एवढंच म्हणाली, "इथे गायी राहतात."

हे वाक्य मी विसरलेले नाही. ग्लास्टनबरीचं ते शेत खरोखरचं दुभत्या गायींचं आहे. मायकल ईव्हिस या शेतकऱ्याने १९७० साली पहिला फेस्टिव्हल भरवला तेव्हा तिकीट एक पौंड होतं आणि त्यात शेतातलं दूध फुकट. आज तिथे दोन लाखांवर माणसं तंबू ठोकतात, पाच दिवस गातात-नाचतात आणि निघून जातात. मग त्याच गवतात गायी येतात. दर चार-पाच वर्षांनी एक वर्ष फेस्टिव्हल भरतच नाही, जमिनीला विश्रांती देतात.

माझे काका सांगलीकडे गुरांचे डॉक्टर होते. ते सांगायचे, गाय गवत निवडून खात नाही. जिभेचा विळखा घालते, उपटते आणि गिळते. तार, खिळा, जे असेल ते पोटात. ते जनावराच्या पोटात लोहचुंबक सोडायचे, लोखंड एका जागी धरून ठेवायला. काचेला कसला लोहचुंबक? म्हणून काच नको, तंबूच्या खुंट्या निघताना मोजून काढा, आकाशात सोडायचे कागदी कंदील नकोत (त्यातली तार शेवटी कुठल्या तरी कुरणातच पडते). एवढं सगळं एका गायीच्या तोंडातून समजून घेता येतं. ज्या नियमाचं कारण एका वाक्यात सांगता येतं त्याचा मला राग येत नाही, लोणचं गेलं तरी. आणि ते गेलंही नाही.

आता दुसरी गोष्ट. फेस्टिव्हलचं नाव लिहीत नाही. दहा-बारा वर्षं झाली, पुण्याजवळच होता. गेटवर माझी पाण्याची बाटली काढून घेतली. स्टीलची, घरून भरून आणलेली. पार्ले-जीचा अर्धा पुडा घेतला. मायग्रेनच्या गोळ्या छोट्या डबीत सुट्या होत्या, त्या तर सरळ कचऱ्यात. का, असं विचारलं तर उत्तर, "मॅडम, वरून ऑर्डर आहे." आत गेलो तर पाणी प्यायचं म्हणजे आधी कूपन विकत घ्यायचं. पिण्याचा नळ म्हणून एक होता, तो मला दुसऱ्या दिवशी सापडला, जनरेटरच्या मागे. संध्याकाळी डोकं फुटायला लागलं तेव्हा गोळी नव्हती आणि पाण्यासाठी रांगेत उभी होते. गाणं काय चाललं होतं ते विचारू नका.

सिक्युरिटीच्या नावाखाली तिथे दोन वेगवेगळी कामं चालली होती. एक माणसं वाचवायचं आणि एक आतला स्टॉल चालवायचं. दोन्ही कामं एकाच टेबलावर, एकाच गणवेशातला माणूस करत होता, म्हणून आपल्याला फरक कळत नाही. मला विचाराल तर फरक ओळखायची खूण सोपी आहे. पिशवीतून जे काढून घेतलं, ते आत फुकट आणि सहज मिळतं का? ग्लास्टनबरीत जागोजागी नळ आहेत, बाटली भरून घ्या म्हणून स्वयंसेवक मागे लागतात आणि २०१९ पासून तिथे एकदा वापरून फेकायच्या प्लास्टिकच्या बाटलीतलं पाणी विकतच नाहीत. बाटली घरून आणा, असंच सांगतात.

"खासगी जागा आहे, त्यांचे नियम," असं कमेंटमध्ये कोणीतरी लिहिणारच, म्हणून आत्ताच. बरोबर आहे. जानेवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने थिएटरवाल्यांना तेच सांगितलं, बाहेरचं खाणं आणू द्यायचं की नाही हे ते ठरवू शकतात. पण त्याच निकालात पिण्याचं स्वच्छ पाणी मोफत हवं आणि तान्ह्या बाळाचं खाणं अडवू नये, हेही आलंय. पॉपकॉर्नचा धंदा करा, तहानेचा करू नका. तीन तासांच्या एसी हॉलला ही अट, तर तीन दिवस उन्हात राहणाऱ्यांना काय असायला हवं?

ही अट धाब्यावर बसवली की काय होतं ते अमेरिकेने पाहिलंय. वुडस्टॉक '९९, म्हणजे १९९९ चा म्युझिक फेस्टिव्हल. न्यूयॉर्क राज्यातल्या रोम नावाच्या गावी बंद पडलेला हवाई दलाचा तळ, जुलै महिना, अडतीसच्या आसपास तापमान. खाली डांबर आणि काँक्रीट, त्यावरच पुष्कळांचे तंबू. गेटवर लोकांचं खाणं-पिणं काढून घेतलेलं. आत पाण्याची बाटली चार डॉलर, म्हणजे तेव्हाच्या भावाने पावणेदोनशेच्या आसपास रुपये. नळ थोडे, रांगा लांब, लोकांनी चिडून पाइप फोडले. संडास तुंबलेले, ते पाणी आणि चिखल एक झालं आणि पोरं त्यात लोळत होती. शेवटच्या रात्री काय करावं? शांततेसाठी म्हणून गर्दीत मेणबत्त्या वाटल्या! तीन दिवस उन्हात भाजलेल्या, तहानलेल्या, चिडलेल्या हजारो लोकांच्या हातात पेटत्या मेणबत्त्या. भोवतीचं कुंपण प्लायवुडचं, 'शांततेची भिंत' असं त्याचं नाव. लोकांनी ती भिंत उपटली आणि सरपण केलं. ट्रक जळाले, एटीएम फोडली.

पाणी महाग होतं म्हणूनच सगळं झालं, असं मी म्हणणार नाही. त्या तीन दिवसांत बायकांवर अत्याचार झाले, त्याला उन्हाची सबब चालत नाही. पण पाण्याची बाटली धोकादायक आणि मेणबत्ती सुरक्षित, असा हिशोब ज्या डोक्यातून निघतो त्या डोक्याच्या हाती माझी सॅक द्यायची मला भीती वाटते.

झडती नकोच, असं माझं म्हणणं नाही. पुणेकराला हे सांगायला नको. १३ फेब्रुवारी २०१० ला कोरेगाव पार्कात जर्मन बेकरीत एक बेवारस बॅग होती, सतरा माणसं गेली. त्यानंतर कितीतरी दिवस कुठल्याही टेबलाखाली वाकून बघायची सवय मला लागली होती. इकडे इंग्लंडात मे २०१७ मध्ये मँचेस्टर अरीनात गाण्याचा कार्यक्रम संपून लोक बाहेर पडताना स्फोट झाला, बावीस जण गेले. त्यात मुलांना घ्यायला आलेले आई-बापही होते. पुढच्याच महिन्यात ग्लास्टनबरीवाल्यांनी सांगितलं, तपासणी कडक असेल, सामान कमी आणा. शहाणपणाचं होतं. दोन लाख माणसांच्या सॅका उघडायच्या तर हलकी सॅक हीच खरी मदत.

गॅसच्या छोट्या टाक्यांचं आणि शेगड्यांचंही तसंच. नायलॉनचा तंबू पेटला की चेन शोधेपर्यंत अंगावर येतो. आणि रात्री थंडी वाजते म्हणून विझत आलेला बार्बेक्यू तंबूत घेऊन झोपणारे महाभाग इकडेही निघतात. आपल्याकडे थंडीत बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवून झोपलेली माणसं सकाळी उठत नाहीत, तीच गोष्ट. कोळशातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड वायूला वास नसतो.

अमली पदार्थांचं मात्र अवघड आहे. भाची याबद्दल विचारणार नाही आणि वहिनी तेवढंच विचारेल. गेटवर कुत्री, पोलीस, कधी कपडे उतरवून झडती. मग आत काही जात नाही म्हणता? ग्लास्टनबरीच्या शेतातून व्हाइटलेक नावाची एक छोटी नदी वाहते. २०१९ च्या फेस्टिव्हलच्या सुमारास बँगोर विद्यापीठाच्या संशोधकांनी तिचं पाणी तपासलं, तर शेताच्या खालच्या अंगाला एमडीएमए (पार्टीत घेतात त्या 'एक्स्टसी' गोळ्यांतलं द्रव्य) आणि कोकेन इतकं, की तिथल्या ईल माशांना अपाय व्हावा. लोक उघड्यावर लघवीला बसतात, त्यातून ते नदीत जातं. कुत्र्याला चुकवलेलं माशाने पकडलं.

हसू येतं, पण पुढचं हसण्यासारखं नाही. ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्समध्ये २०१७ ते २०१९ दरम्यान म्युझिक फेस्टिव्हलमध्ये सहा तरुण मुलं-मुली अशा गोळ्यांनी दगावली. त्यांच्या मृत्यूंची न्यायालयीन चौकशी झाली. त्यातल्या एका मुलीने गेटवर पकडलं जाऊ या धास्तीने जवळच्या गोळ्या आत जाण्याआधीच गिळल्या होत्या. नोव्हेंबर २०१९ च्या अहवालात शिफारस होती, फेस्टिव्हलमधून वासाची कुत्री हटवा आणि गोळ्या तपासून द्यायची सोय करा. ब्रिटनमध्ये 'द लूप' या संस्थेने ती सोय २०१६ मध्येच एका फेस्टिव्हलला केली होती. गोळी आणून द्या, त्यात काय आहे ते सांगतो, पोलिसांना नाव कळवत नाही. आपल्याकडे एनडीपीएस या अमली पदार्थविरोधी कायद्याखाली असं टेबल मांडणं मला तरी आज शक्य दिसत नाही. पण गेटवर भीती घातली की गोळी पिशवीतून पोटात जाते, हे आयोजकांनी निदान ध्यानात ठेवावं. ग्लास्टनबरीच्या गेटबाहेर पिंपं असतात, जे आहे ते टाका, कोणी विचारणार नाही. मला ती पिंपं कुत्र्यांपेक्षा जास्त कामाची वाटतात.

आणि सॅक कितीही उपसा, गर्दी सॅकेत सापडत नाही. जून २००० मध्ये डेन्मार्कच्या रोस्किल्ड फेस्टिव्हलला स्टेजसमोरच्या रेट्यात नऊ तरुण चेंगरून गेले. त्याच उन्हाळ्यात ग्लास्टनबरीत परवानगी होती एक लाखाची, आणि कुंपणावरून उड्या मारून आत आलेले धरले तर दुपटीहून जास्त माणसं. पुढचं वर्ष फेस्टिव्हल भरला नाही. २००२ पासून तिथे ते उंच पोलादी कुंपण आलं. दिसायला तुरुंगासारखं आहे, लोक अजून नावं ठेवतात. मला त्या कुंपणाच्या आत निवांत झोप लागली.

तर भाचीसाठी, सगळ्यांसमोर. झिरोला पहिली तपासणी फेस्टिव्हलच्या गेटवर नसते, राज्यात शिरतानाच असते. अरुणाचलला इनर लाइन परमिट, म्हणजे राज्यात शिरायचा परवाना लागतो, त्याचं मूळ १८७३ च्या इंग्रजी कायद्यात आहे. ऑनलाइन निघतो, पण त्याची छापील प्रतही ठेव, मोबाइलच्या भरवशावर राहू नकोस. पॉवर बँक विमानात हातातल्या बॅगेत, सामानात टाकलीस तर काढायला लावतील. लायटर आणि गॅसची टाकी घरीच. गोळ्या पट्टीतच ठेव, सुट्या डबीत नको, चिठ्ठीचा फोटो जवळ असू दे. बाटली रिकामी ने, आत भर. झडती बाईच घेणार, आणि समोर बाई नसेल तर "थांबते, बोलवा" म्हणायचं, मागची रांग कितीही ओरडू दे. हे वहिनीला वाचून दाखव. आणि तिथे आपातानी लोक भाताच्या खाचरातच मासे पाळतात, तेव्हा साबणाचं पाणी आणि शांपूच्या पुड्या बांधावरून कुठे जातात ते बघून टाक. गेटवर कोणी अडवलं नाही तरी.

हे सगळं आज सकाळी तिला पाठवलं. दुपारी वहिनीचा फोन. लोणचं द्यायचं ठरलंच आहे, पण काच नाही म्हणजे कशात? मी म्हटलं, प्लास्टिकच्या डब्यात दे. "लोणचं आणि प्लास्टिकमध्ये?" स्टीलचा डबा? "आंबट आहे गं ते, स्टीलला धरतं." मी माझ्या सँडविचच्या डब्याची गोष्ट सांगितली. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "मेतकूट देते. आणि लसणीची चटणी, कोरडी."