फॅक्टरी ग्रिप फेकण्याआधी कानस हातात घ्या

एअर पिस्तूल शिकणाऱ्या मुलांच्या पालकांमध्ये गेले काही महिने एक मेसेज सारखा फॉरवर्ड होतोय. त्यातला दावा थोडक्यात असा: पिस्तुलाबरोबर येणारी फॅक्टरी ग्रिप, म्हणजे कंपनीची मूठ, सरासरी हातासाठी बनवलेली असते म्हणून ती निरुपयोगी, ती पहिल्याच दिवशी काढा आणि बाहेरून कस्टम ग्रिप, म्हणजे आपल्या हाताच्या मापाची मूठ, मागवा, स्कोअर लगेच 10-15 पॉइंटनी वाढतो, ग्रिप हाताला जितकी लपेटेल तितकी चांगली, फॅक्टरी ग्रिपला कानस लावू नका कारण रिसेल व्हॅल्यू जाते, आणि मुलांना लहानपणापासूनच कस्टमची सवय लावा. मी बरीच वर्षं 10 मीटर पिस्तूल मारतोय आणि रविवारी रेंजवर नव्या मुलांना हात कसा बसवायचा ते दाखवतो. हा मेसेज वाचून दोन पालकांनी पैसे घातले, तिसरे घालणार होते, म्हणून एकेक मुद्दा घेऊन लिहितोय.

पहिला मुद्दा, फॅक्टरी ग्रिप सरासरी हातासाठी असते. अर्धं खरं आहे. मोरिनी, स्टायर, वॉल्थर, पार्डिनी यांची मॅच पिस्तुलं वेगवेगळ्या साइझच्या ग्रिपमध्ये मिळतात, डावखुऱ्यांसाठी वेगळी ग्रिप असते, पाम शेल्फ, म्हणजे तळहाताची खालची कड टेकते ती फळी, वरखाली सरकतो, काहींमध्ये ग्रिपचा कोनसुद्धा बदलता येतो. आणि ग्रिप लाकडाची असेल तर ते लाकूड तासायला आणि भरायलाच दिलेलं असतं हो! जिथे टोचतंय तिथे कानस आणि पॉलिश पेपर, जिथे पोकळी आहे तिथे एम-सील किंवा वूड फिलर. जगभर पिस्तूल शूटर हेच करत आलेत. आपल्याकडे अडचण अशी होते की दुकानदाराकडे मीडियम साइझची ग्रिप असते म्हणून तीच घेतली जाते आणि मुलीचा हात असतो स्मॉलचा, मग सगळे म्हणतात फॅक्टरी ग्रिप वाईट. ग्रिप वाईट नव्हती, साइझ चुकला होता.

हे मी डोळ्यांनी बघितलंय. तेरा वर्षांची मुलगी, शॉट सारखे एका बाजूला जात होते, बाबा म्हणाले सर आता कस्टमच घेतो. मी म्हटलं थांबा दहा मिनिटं. खडूची पूड घेतली, ग्रिपवर सगळीकडे चोळली, तिला हात कोरडा पुसायला लावला आणि नेहमीसारखं पिस्तूल धरायला सांगितलं, मग हात हळूच सोडवला. पूड कुठे पुसली गेली बघा: बोटांची टोकं आणि अंगठ्याचं मूळ, बस्स. तळहाताच्या मधल्या खोलगट भागात पूड जशीच्या तशी. म्हणजे ती ग्रिप तळहातात बसलेलीच नव्हती, मुलगी ती बोटांच्या टोकांनी आवळून धरत होती आणि ट्रिगर दाबताना ती टोकं पिस्तूल ओढत होती. त्यात ग्रिप जाड, म्हणून ट्रिगरपर्यंत पोचायला हात फिरवावा लागायचा आणि तर्जनीची मधली बाजू लाकडाला घासायची. आम्ही तर्जनीच्या बाजूचं लाकूड दोन-अडीच मिलिमीटर तासलं, मधे एम-सीलचा पातळ थर दिला, ओला असतानाच क्लिंग फिल्म ठेवून तिचा हात दाबून घेतला, दुसऱ्या दिवशी पॉलिश पेपर मारला. खर्च शंभर-दीडशे रुपये. तीन रविवार थोडं थोडं करत गेलो, एकदम नाही, कारण तासलेलं लाकूड परत येत नाही.

आता 10-15 पॉइंटचा मुद्दा, यावर जरा जास्त बोलतो कारण पालक इथेच फसतात. ग्रिपने फरक पडतो हे मीही मानतो, आणि का पडतो ते समजून घ्या. नेम धरायला पिस्तुलावर पुढे एक खुंटी असते, ती फ्रंट साइट, आणि मागे खाच (नॉच) असलेली पट्टी असते, ती रिअर साइट; या दोन्हींमधलं अंतर साधारण 33 सेंटीमीटर धरा. साइट एकमेकांच्या तुलनेत फक्त 1 मिलिमीटर सरकली तर 10 मीटरवर पेलेट (छर्रा) जवळपास 30 मिलिमीटर बाजूला जातो. टार्गेटवर एका रिंगपासून दुसरी 8 मिलिमीटरवर, आणि अख्ख्या दहाच्या रिंगचा व्यास 11.5 मिलिमीटर. म्हणजे एका मिलिमीटरला जवळजवळ चार रिंगा गेल्या. त्यामुळे ग्रिपचं खरं काम एकच, हात वर आला की साइट आपोआप सरळ रेषेत यायला हव्यात, मॅचच्या 60 पैकी 60 शॉटला, 75 मिनिटांच्या मॅचच्या शेवटीसुद्धा. हे होतंय का ते तपासायला कस्टम ग्रिप लागत नाही: पिस्तूल रिकामं असल्याची खात्री करा, डोळे मिटा, हात उचला, दोन-तीन श्वास स्थिर राहा, डोळे उघडा. फ्रंट साइट नॉचच्या मधोमध असेल तर ग्रिप बरोबर आहे, मग ती कोणाची का असेना. वर किंवा खाली दिसली तर कोन बघा, डावी-उजवीकडे दिसली तर तळहाताकडची जाडी बघा. पण ट्रिगरला झटका देणं, नेम धरून फार वेळ थांबून राहणं, शॉटनंतर लगेच हात खाली टाकणं, हे कुठलीच ग्रिप दुरुस्त करत नाही. उलट नवी ग्रिप लावल्यावर पहिले काही आठवडे स्कोअर खाली गेलेला मी जास्त वेळा बघितलाय, कारण हाताला जुनं ओळखीचं झालेलं असतं.

तिसरा मुद्दा धोकादायक आहे. लपेटणारी ग्रिप चांगली म्हणे! आयएसएसएफ या नेमबाजीच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या नियमात ग्रिपने हाताला वेढा घालायचा नाही, मनगट मोकळं दिसलं पाहिजे, ग्रिपचा कुठलाही भाग हाताच्या पलीकडे टेकता कामा नये, पाम शेल्फ ग्रिपशी 90 अंशांपेक्षा कमी कोनात नको आणि त्याची कड वर वळवलेली नको, अंगठा वर सहज उचलता आला पाहिजे. शिवाय अख्खं पिस्तूल 420 बाय 200 बाय 50 मिलिमीटरच्या बॉक्समध्ये मावलं पाहिजे, आणि जाड ग्रिप त्या 50 मध्येच अडकते. हे घरी एम-सील थापणाऱ्यांनाही लागू आहे. मॅचआधी पिस्तूल नियमात बसतं का ते तपासतात त्या इक्विपमेंट कंट्रोलच्या टेबलावर ग्रिप नाकारली तर मॅचच्या सकाळी पोर तिथेच कानस मारत बसतं, हात थरथरतात, तास-दीड तासाने फायरिंग असतं. मला ते बघवत नाही. आणि एवढी घट्ट ग्रिप उन्हाळ्यात बालेवाडीत बसवून घेतली की हिवाळ्यात दिल्लीच्या थंडीत तीच सैल लागते, कारण गरमीत हात थोडा फुगतो आणि थंडीत आकसतो. थोडी जागा ठेवावीच लागते.

रिसेलचं काय? ग्रिप बहुतेक पिस्तुलांना ॲलन कीच्या एका स्क्रूने लागते, विकताना नवी फॅक्टरी ग्रिप वेगळी घेऊन लावता येते. सहाशेपैकी चारशे पॉइंटवर अडकलेल्या मुलाला टोचणारी ग्रिप तशीच वापरायला लावायची, का तर चार वर्षांनी विकायचंय म्हणून? हे मला पटत नाही.

लहान मुलांना सुरुवातीपासून कस्टम, हा शेवटचा मुद्दा मला सगळ्यात जास्त खटकतो. मनू भाकरने 2024 ला पॅरिसमध्ये दोन ब्राँझ घेतली, त्याआधी आपल्या कोल्हापूरच्या राही सरनोबतने 2018 च्या एशियन गेम्समध्ये 25 मीटर पिस्तूलमध्ये गोल्ड घेतलं, त्यामुळे बारा-तेरा वर्षांच्या मुली रेंजवर येतायत, ही फार आनंदाची गोष्ट आहे. पण त्या वयात हात वाढतो. आज हाताचं माप देऊन मागवलेली ग्रिप, शिपिंग आणि ड्युटी धरून 20 हजारांच्या पुढे जाते, आणि दीड वर्षात ती लहान पडते. शिवाय उभं राहायची पद्धत, खांदा, मनगटाचा कोन अजून ठरलेलाच नसतो, मग माप घेतलं ते कशाचं? तेवढ्या पैशात पेलेट, रेंज फी आणि जिल्हा-राज्य स्पर्धांचा प्रवास किती होतो याचा हिशेब घरी करून बघा.

कस्टम ग्रिप कधीच घेऊ नका असं मी म्हणत नाही. हात वाढायचा थांबलाय, धरायची पद्धत दोन-तीन वर्षं बदललेली नाही, साइझ बरोबर असूनही तासून-भरून डोळे मिटायच्या चाचणीत साइट सरळ येत नाही, किंवा बोटाला जुनी दुखापत आहे, तर जरूर घ्या, चांगल्या लाकडाची घ्या, आणि फॅक्टरी ग्रिप कपाटात जपून ठेवा. आणखी एक केस आहे जी त्या मेसेजमध्ये नाहीच. जुनं पिस्तूल घेतलं असेल तर त्यावरची ग्रिप आधीच्या माणसाच्या हाताची कोरलेली असते, दिसायला गुळगुळीत आणि छान, पण खड्डे दुसऱ्याच्या बोटांचे. ती दुरुस्त करत बसू नका, आपल्या साइझची कोरी फॅक्टरी ग्रिप मागवा आणि रविवारी येताना खडू घेऊन या.