पाणचट मठ्ठ्याचे १२ सेकंद

दादा-वहिनीच्या लग्नाला २५ वर्षे पूर्ण होणार म्हणून त्यांच्या लग्नाच्या कॅसेटचा ४० मिनिटांचा सुटसुटीत व्हिडिओ करून देण्याचे काम मी स्वतःच्या तोंडाने अंगावर घेतले. तीन तासांची ती व्हीएचएस कॅसेट एका फोटो स्टुडिओने आधीच संगणकावर उतरवून दिली होती. उरले होते ते फक्त कापाकापीचे काम, आणि रोज भाजी चिरणाऱ्या बाईला व्हिडिओ कापता न यायला काय झाले, असा माझा हिशेब होता.

कापायलाच हवे असे ठिकाण तसे एकच होते. पंगत बसलेली आहे, कॅमेरावाला पानांवरून सरकत सरकत येतो आणि नेमका मोठ्या आत्यासमोर थांबतो. मोरपंखी शालू नेसलेली आत्या ओठांना लावलेला द्रोण खाली घेते, शेजारणीकडे झुकते आणि कॅमेऱ्याला ऐकूही येते हे गावी नसल्यासारखी म्हणते, "मठ्ठा कसला मेला, ताकाचं भांडं विसळलेलं पाणी!" लग्न मुलीकडच्यांनी करून दिलेले, आणि व्हिडिओ पाहायला वहिनीची आई पुढच्याच सोफ्यावर बसणार. एकूण १२ सेकंद, म्हणजे सेकंदाला २५ या दराने ३०० फ्रेम, अर्थात सुटी चित्रे. मी त्या सगळ्या निवडल्या, डिलीट केल्या आणि पुढचे-मागचे काही न तपासता रेंडरचे, म्हणजे सगळे तुकडे जोडून सलग व्हिडिओ तयार करण्याचे, बटण दाबले. लॅपटॉपचा पंखा तासभर पिठाच्या गिरणीसारखा घरघरला. तयार झालेला व्हिडिओ लावला, तर पंगतीत आत्या हजर!

याचे कारण सापडले तेव्हा माझी मलाच लाज वाटली. काही बिघडले तर मूळ चित्रण हाताशी असावे, म्हणून मी निवडलेल्या सगळ्या दृश्यांची आणखी एक प्रत टाइमलाइनच्या, म्हणजे तुकडे क्रमाने मांडायच्या पट्टीच्या, खालच्या ट्रॅकवर (थरावर) अंथरून ठेवली होती. वरच्या ट्रॅकवरचा तुकडा काढला की तिथे नुसते भोक पडते आणि त्या भोकातून खालचे चित्र दिसू लागते. थोडक्यात, फाटक्या सतरंजीखालून गादी दिसावी, तशी आत्याखालून आत्याच वर आली होती. मी खालचा ट्रॅक उडवला आणि भोक बुजवणारे 'रिपल डिलीट' नावाचे अस्त्र शिकले.

दुसऱ्या वेळी आत्या दिसली नाही, पण ऐकू आली. पहिल्या दिवशी सनईचा आवाज कमी-जास्त करण्यासाठी मी चित्र आणि ध्वनी यांची ताटातूट केली होती, ती विसरून आता फक्त चित्र कापले होते. ध्वनी जिथल्या तिथे राहिला आणि चित्र मात्र १२ सेकंद पुढे सरकले. त्यामुळे दादा वहिनीला घास भरवतो आहे, वहिनी लाजून तोंड उघडते आहे आणि पडद्याबाहेरून भरदार आवाज येतो आहे, "ताकाचं भांडं विसळलेलं पाणी!" खरे सांगायचे तर मूळ प्रसंगापेक्षा हे जास्त रंगतदार झाले होते; पण कलेपेक्षा सोयरिक मोठी. मी ध्वनीही कापला.

तिसऱ्या वेळचा प्रकार मात्र भुताटकीचाच होता. व्हिडिओ जवळजवळ स्वच्छ होता, फक्त पंगत विरून घास भरवण्याचे दृश्य उमटते त्या सांध्यावर अर्धा सेकंद, विहिरीच्या पाण्यात दिसावा तसा, आत्याचा चेहरा तरळून जाई. मी तो क्षण एकेक फ्रेम पुढे सरकवत पाहिला. सहाव्या फ्रेमला द्रोण ओठांवरून खाली, नवव्याला मान शेजारणीकडे, बाराव्याला 'म' म्हणण्यासाठी मिटलेले ओठ, आणि तिच्या पदरातून आरपार दिसणारा दादाच्या हातातला घास. रात्रीचे दीड वाजले होते. मी उठून देवापाशी दिवा लावून आले.

खरे पाहता भूत माझेच होते. सॉफ्टवेअरमध्ये आपण जे कापतो ते प्रत्यक्षात कापले जातच नाही. मूळ फाइल अखंडच असते आणि कुठून कुठवर दाखवायचे याची केवळ नोंद होते. एक दृश्य विरत दुसरे उमटण्याचा 'डिझॉल्व्ह' टाकला की दोन्ही दृश्ये काही काळ एकमेकांवर पसरावी लागतात. एका सेकंदाचा डिझॉल्व्ह सांध्याच्या मध्यावर बसवला, तर सुमारे १२ फ्रेम कापलेल्या भागातून उचलल्या जातात, आणि सांध्यापलीकडे आत्या तयारच बसली होती. मी डिझॉल्व्ह काढून सरळ कट ठेवला आणि पुन्हा रेंडर केले. आत्या पुन्हा तरळली. या वेळी दोष कॅशेचा होता: आधी तयार करून ठेवलेले पूर्वावलोकनाचे तुकडेच रेंडरसाठी वापरावेत, अशी खूण मी वेळ वाचावा म्हणून केली होती. बदल केला की असे तुकडे बाद व्हायला हवेत, ते झाले नव्हते. कॅशे पुसली, खूण काढली, आणि एकदाची आत्या गेली.

कार्यक्रमाच्या दिवशी पेनड्राइव्ह दादाच्या टीव्हीला लावला. ४० मिनिटे कुठेही गालबोट लागण्यासारखे काही आले नाही. वहिनीच्या आईने दोनदा डोळे टिपले आणि मी कौतुक ऐकण्यासाठी सैलावून बसले. पेनड्राइव्हवर 'अंतिम' आणि 'अंतिम नक्की' अशा दोन फाइली आहेत, आणि एक संपली की पुढची आपोआप लावण्याची टीव्हीला खोड आहे, हे मला पंगत बसेपर्यंत उमगले नाही. रिमोट उशांच्या खाली गेलेला. मी सोफा उचकटत असतानाच आत्या ५५ इंचांची होऊन पडद्यावर अवतरली आणि मठ्ठ्याविषयी जे बोलायचे ते स्पष्ट बोलली.

खोलीत कुणी पापणी हलवेना. मग वहिनीची आई यजमानांकडे वळून म्हणाली, "मी तेव्हाच सांगितलं होतं, आचारी पाणी घालतोय म्हणून. तुम्ही ऐकलं नाहीत."

आत्याचे या बोलण्याकडे लक्षच नव्हते. चष्मा सावरत ती टीव्हीजवळ गेली होती. "अगं बाई, माझा मोरपंखी शालू! वर्षानुवर्षं शोधतेय मी तो. पदर नीट दिसला नाही, जरा मागे घे बघू."

मी मागे घेतले. तिला पदर पाचव्या खेपेला नीट दिसला.