देव त्यांचा, वाफा आमचा

आज सकाळी दुधाची पिशवी घ्यायला बाहेर आलो तर फाटकापाशी काका उभे. हातात नेहमीची कापडी पिशवी, काखेत तारेचा आकडा लावलेली काठी, आणि माझ्या रिकाम्या वाफ्याकडे असे बघतायत की यांच्याच घरी चोरी झालीये.

"काय हो, अजून काही लावलं नाहीत?"

वाफा म्हणजे फाटक आणि भिंत यांच्यामधली ८ बाय अडीच फुटांची पट्टी, पुण्यात याला बंगल्याची बाग म्हणायची पद्धत आहे. तिथे गुलाबी जास्वंद होती, मार्चमध्ये ड्रेनेजच्या पाइपसाठी उपटावी लागली. पाच वर्षांत त्या झाडावर उमललेलं फूल मी चारेक वेळा पाहिलं असेल, कारण जास्वंदीचं फूल टिकतं एक दिवस, आणि काकांचा दिवस पहाटे साडेपाचला सुरू होतो.

"लावणार ना, पाऊस पडला की. मोगरा लावावा म्हणतोय."

"छे! मोगऱ्याला पाच-सहा तास कडक ऊन लागतं. तुमच्याकडे सकाळचं ऊन, अकराला ती समोरची बिल्डिंग आडवी येते. नुसता पाला माजेल. मी बघतो ना रोज."

रोज बघतात हे खरंय.

"मग अनंत?"

"अनंत आहे मागच्या गल्लीत." म्हणजे ती लाइन त्यांची चालू आहे.

"पारिजातक?"

"वेचायला वाकावं लागतं हो. माझे गुडघे आता तसे राहिलेत का?"

मी अभावितपणे "नाही, बरोबर आहे" म्हणालो. हे मी का म्हणालो ते मला अजून कळलेलं नाही.

"तुम्ही तगर लावा. डबल. वर्षभर फुलते, काही करावं लागत नाही. आणि एक जास्वंद, पण लाल, गावठी, पाच पाकळ्यांची. मागची तुमची ती गुलाबी गणपतीला आम्ही चालवून घेतली."

चालवून घेतली! पाच वर्षं!

"आणि मध्ये मध्ये फुलांना साबणाचा वास यायचा."

यायचाच ना. दर रविवारी पिठ्या ढेकणांवर साबणाचं पाणी आणि निंबोळी तेल कोण मारत होतं? पण मी हे बोललो नाही, कारण तोवर त्यांनी पुडीचा हिशोब काढला होता. मार्चपासून फुलांची पुडी विकत आणतायत, वीस रुपयाला एक, त्यात अर्धा झेंडू कालचा. सूर असा होता की आता फरक मला भरावा लागतो की काय.

तर मी तडक नर्सरीत गेलो. त्याआधी वाफा खणून बघितला होता, त्यात बिल्डरने काय काय पुरून ठेवलंय विचारू नका, टाइलचे तुकडे, दगड झालेली सिमेंटची अर्धी गोणी, गुटख्याच्या पुड्या. माती अशी नाहीच. म्हणजे लाल माती, शेणखत आणि निंबोळी पेंड यातच हजार रुपये गेले, झाड अजून एकही नाही. हे हजार रुपये देवाच्या नावाने कोण देणार? इथे मला खरंच राग येतो. देवासाठी तोडलं म्हटलं की पुढे बोलायची सोयच नाही. उद्या मी काकांच्या दारातला पेपर उचलला, आमच्या देवाला वाचून दाखवतो म्हणून, तर चालेल?

रस्ताभर मी देवांना काय चालत नाही तेच आठवत होतो. कण्हेर लावावी तर ती अख्खी विषारी, तरी देवाला चालते. कोरांटीला काटे, चालते. धोतरा तर शंकराला आवडतोच! शंकराला केवडा चालत नाही, पण ८ बाय अडीचमध्ये केवडा लावला तर आम्ही कुठे राहायचं? निवडुंगाला बायको नको म्हणाली. राहता राहिले क्रोटन. रंगीत पानं, फुलांची भानगड नाही. नर्सरीवाल्याला सांगितलं, पाच क्रोटन दे. तो म्हणाला, "साहेब, सगळीच पानं? एखादं फुलाचं न्या की. ही तगर बघा, मेंटेनन्स शून्य."

"सिंगल आहे का डबल?" हे माझ्या तोंडून गेलं.

डबल होती. दोन आणल्या. संध्याकाळी लावून पाणी घालत होतो तर काका, जे संध्याकाळी या गल्लीत कधी फिरकत नाहीत, फाटकावरून वाकून म्हणाले, "वा! पण जरा अलीकडे लावायला हवी होती. काठी पुरायला नको का?"

गजर सव्वापाचचा लावलाय. आमच्या देव्हाऱ्यात गेली कित्येक वर्षं प्लॅस्टिकचा हार आहे, पण ते जाऊ दे.