रेलिंग लोखंडाचं नाही, ३०४ ग्रेडच्या स्टेनलेसचंच आहे (एक स्टारच्या रिव्ह्यूला उत्तर)

नमस्कार सर. रेलिंगवर डाग पडले, तुम्हाला मनस्ताप झाला, त्याबद्दल मनापासून सॉरी. पण "स्टेनलेसचे पैसे घेऊन लोखंड बसवलं, दोन महिन्यांत गंजलं, चुंबक पण चिकटतंय, सरळ फसवणूक" असं तुम्ही लिहिलंय ते वाचून रात्रभर झोप नाही. बावीस वर्षं वर्कशॉप चालवतोय, डिलिव्हरीला उशीर झालाय, खूपदा झालाय, पण ३०४ सांगून लोखंड आजवर कुणाच्या गळ्यात मारलं नाही.

तुमचा फोन आल्यावर दुसऱ्याच दिवशी मी स्वतः येऊन बघून गेलो, ते मात्र रिव्ह्यूत नाहीये. डाग कुठे होते सांगा बरं? खालच्या दोन पाइपांना, तेही पोटाच्या बाजूने, फरशीकडे. वरचा हँडरेल ज्याला दिवसभर घामाचे हात लागतात तो आरशासारखा, आणि पाइप सगळा एकाच लॉटचा. लोखंड असतं तर ते असं जागा बघून गंजलं असतं का? त्याला हवा आणि ओल मिळाली की झालं, गंज फुगतो, पापुद्रा सुटतो, आतलं लोखंड परत उघडं पडतं, परत गंजतं. तुमच्याकडे पापुद्रा एकही नव्हता, गेरूचे शिंतोडे उडावेत तसे ठिपके होते, मी तुमच्यासमोर क्लीनर लावून घासले तर खाली चकचकीत पाइप, फक्त सुईच्या टोकाएवढे खड्डे राहिले.

ते खड्डे ॲसिडचे आहेत सर. रेलिंग बसल्यावर टाइल्सचं काम झालं, फरशीवाल्याने सिमेंटचे डाग काढायला ॲसिड मारलं, "हो, दोनदा मारलं" हे तुमच्या घरातूनच मला सांगितलं गेलं. स्टेनलेस म्हणजे कधीच न गंजणारं असं नसतं, त्यात साधारण १८ टक्के क्रोमियम असतं, हवेतल्या ऑक्सिजनने त्याचा एक डोळ्यालाही न दिसणारा थर वर धरतो, ओरखडा गेला तरी आपोआप परत धरतो, त्या जिवावर ते टिकतं. आणि फरशीचं ॲसिड म्हणजे हायड्रोक्लोरिक, त्यातलं क्लोराइड नेमका तोच थर फोडतं. ओतायचीही गरज नाही, वाफ पुरते, आणि वाफ पहिली लागणार खालच्या पाइपच्या पोटालाच. बिलामागे आम्ही ॲसिड वापरू नका असं छापलंय. अक्षर बारीक आहे, मान्य.

चुंबकाचं म्हणाल तर ३०४ चा पाइप जिथे वाकवतो तिथे थोडं चिकटतंच, आणि ४३० ग्रेडला तर पक्कं चिकटतं तरी ते स्टेनलेसच असतं. खात्री हवी तर तुमच्यासमोर तुकडा कापून देतो, तुम्हाला हव्या त्या लॅबमध्ये द्या, ३०४ निघालं नाही तर अख्खं रेलिंग बदलून देईन.

आमची चूक पण सांगतो, बेसप्लेटच्या तीन जॉइंटवर वेल्डिंगचा निळा-काळा रंग पिकलिंग पेस्ट लावून काढायचा राहून गेला, तिथला गंज आमच्याच खात्यावर, पोरांना झापलंय, यापुढे लक्ष देऊ. मंगळवारी माणूस पाठवतो, जॉइंट आणि पाइप दोन्ही साफ करून बफिंग करून देईल, एक रुपया घेणार नाही. तोपर्यंत प्लीज लोखंडी तारेची घासणी फिरवू नका, तिचे कण अडकतात आणि मग तेच गंजतात, साबणाचं पाणी आणि मऊ फडकं बास.

स्टार एकच ठेवायचा असेल तर ठेवा सर. "लोखंड" एवढा शब्द काढा, तो वाचून दोन गिऱ्हाइकांनी ऑर्डर थांबवलीये.